बोटीवरचा संसार आणि हिवाळ्याचा हिशेब

 

सध्या थंडी पडली आहे. आंबोलीत शेकोट्या पेटल्या आहेत. आपल्याकडे खाली सकाळी अंगणात ऊन येईपर्यंत कोणाला उठावंसं वाटत नाही. अशाच एका सकाळी आमच्या गटाची बैठक होती. आमच्यातल्या एकीची भाची इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिने मोबाईलवर एक फोटो पाठवला होता. दोन्ही काठ पांढरे, मधलं पाणी गोठलेलं आणि त्यात एक लांबलचक, अरुंद बोट. बोटीच्या छपरावर बर्फ, आणि त्या बर्फातून वर आलेल्या एका नळीतून धूर निघतो आहे. फोटो हातोहात फिरला. आमच्यातल्या वयाने मोठ्या काकी म्हणाल्या, "ह्या होडयेत माणसा रवतत काय गो? आणि थंडीन मरनत नाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही दोन-अडीचशे वर्षं मागे गेलो. जे सापडलं ते आज तुम्हांला सांगतो. गोष्ट दूरच्या देशाची आहे, पण ऐकता ऐकता ती आपल्या अंगणात येईल.

आधी कालव्याचं बोलू. आपल्याकडे कालवा म्हटलं की डोळ्यांसमोर तिलारीचा कालवा येतो. धरणातून निघून शेतीला पाणी देणारा. इंग्लंडमध्ये जे कालवे खणले गेले ते मुख्यतः माल वाहण्यासाठी. १७६१ साली मँचेस्टर शहराजवळ ब्रिजवॉटर नावाचा कालवा सुरू झाला. खाणीतला कोळसा घोड्याच्या पाठीवरून शहरात नेणं फार महाग पडे. तोच कोळसा बोटीत घालून, काठावरून चालणाऱ्या घोड्याने दोरीने ओढून नेला, तेव्हा शहरातला त्याचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मग पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर कालव्यांचं जाळं झालं. कोळसा, लोखंड, धान्य, चिनी मातीची भांडी, सगळं पाण्यावरून जाऊ लागलं.

देशाच्या मधल्या भागातले बरेच कालवे अरुंद होते, म्हणून त्यांवरच्या बोटीही अरुंद. लांबी सत्तर फूट, रुंदी जेमतेम सात फूट. एका बोटीत साधारण पंचवीस टन माल मावे. म्हणजे आपली पन्नास किलोची पाचशे पोती. आणि हे सगळं ओढायला एक घोडा. पाण्यावर ओझं हलकं होतं, हे आपल्या खाडीकाठच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला या बोटींवर बहुतेक पुरुष आणि पोरगे कामाला असत. त्यांची घरं काठावरच्या गावांत असत. फेरी संपली की माणूस घरी येई. आपल्याकडेही असंच होतं ना? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की वेंगुर्ला, मालवण, देवगडची गलबतं बाहेर पडत. हिवाळ्यात रात्री जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर ती किनाऱ्याकिनाऱ्याने चालत. तांडेल आणि खलाशी महिनोन्महिने गलबतावर जेवत, गलबतावर झोपत. पण बाई घरी. शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि मुलं तिच्याकडे.

मग इंग्लंडमध्ये बाई बोटीवर कशी गेली? रेल्वेमुळे. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर आगगाडी धावू लागली आणि पुढच्या वीस वर्षांत रूळ सगळीकडे पोचले. माल आगगाडीने लवकर जाऊ लागला. कालव्यावर माल टिकवायचा तर भाडं उतरवणं भाग होतं. भाडं उतरलं, तशी बोटवाल्याची कमाई उतरली. त्याला हाताखालच्या गड्याची मजुरी परवडेना आणि काठावरच्या घराचं भाडंही परवडेना. तेव्हा अनेकांनी घर सोडलं आणि बायकामुलांना बोटीवर घेतलं. घरभाडं वाचलं, गड्याची मजुरी वाचली. गड्याचं काम बायको करू लागली.

हे आम्ही बैठकीत वाचलं, तेव्हा काकींनी लगेच विचारलं, "मगे पैशे कोणाक गावत?"

पैसे नवऱ्याला. कंपनी बोटीच्या कप्तानाशी व्यवहार करी. इतके टन माल, इतक्या फेऱ्या, इतके पैसे. त्या पैशात बोट चालवायला लागणारी सगळी माणसं आली, असं धरलं जाई. बायको सुकाणू धरो, घोडा हाको की दरवाजे ढकलो, कंपनीच्या वहीत तिच्या नावावर मजुरी पडत नसे. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, आपण शेवटी तिच्याकडे परत येणार आहोत.

आता त्या बोटीत जरा आत जाऊ. सत्तर फुटांपैकी जवळजवळ सगळी जागा मालाला. माणसांना मागच्या टोकाला एक खोली, सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद. आपली पडवीसुद्धा याहून ऐसपैस असते. तेवढ्यात नवरा, बायको आणि चार-पाच मुलं. दारातून खाली उतरलं की डाव्या हाताला बिडाची कोळशाची चूल, तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं. पुढे कपाट, त्याचं दार खाली पाडलं की त्याचंच टेबल होई. बाजूला बसायचं बाकडं, रात्री त्यावर मुलं निजत. टोकाला आडवी फळी पाडली की नवरा-बायकोचा बिछाना, सकाळी ती पुन्हा कपाटात बंद. प्रत्येक वस्तूला एकच जागा. एक भांडं इकडचं तिकडे राहिलं तर पाय ठेवायला जागा नाही.

आणि एवढ्याशा खोलीत सजावट किती! दारांवर, कपाटांवर, पाण्याच्या डब्यावर रंगवलेली गुलाबाची फुलं आणि किल्ल्यांची चित्रं. भिंतीवर लेसच्या किनारीच्या बश्या, चुलीभोवती घासून लखलखीत केलेलं पितळ. आपल्या चितारआळीतली लाकडी खेळणी आणि रंगवलेले पाट पाहून वाढलेल्या आम्हांला ती चित्रं परकी वाटली नाहीत. जिचं घर कुठल्याच गावात नव्हतं, तिने आपलं घरपण असं रंगात आणि पितळेत जपलं.

हिवाळ्यात तिचा दिवस कसा जाई? पहाटे अंधारात उठून चूल चाळवायची. रात्रभर कोळसा धुमसत ठेवलेला असे, तो विझला तर सगळे गारठत. छपरावरच्या डब्यातलं पाणी गोठलेलं असे, ते आधी वितळवायचं. चहा, पाव, आणि लगेच निघायचं, कारण दिवस लहान. तिथे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारतं. मग ती उघड्यावर उभी राहून सुकाणू धरी. पाठीमागे चुलीची ऊब तिच्या पायांपर्यंत येई, पण तोंडावर वारा आणि बर्फाचे कण. एका हातात सुकाणू, मध्येच वाकून चुलीवरच्या भांड्यात पळी फिरवायची. रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला पट्टा बांधून तो धुराड्याला अडकवलेला.

वाटेत लॉक येत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. चढ आला की कालव्यात एक कोंडी बांधलेली असते, तिला दोन्ही टोकांना जाड लाकडी दरवाजे. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी आत सोडायचं, पाण्याबरोबर बोट वर येते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. हे दरवाजे अंगाने रेटून उघडावे लागतात. लंडन ते बर्मिंगहॅम या सुमारे २२० किलोमीटरच्या वाटेवर असे १६६ लॉक आहेत. थंडीत दोरी गोठून काठीसारखी ताठ होई, लोखंडाला हात लावला की कातडी चिकटे आणि दरवाजाच्या कडेवर बर्फाचा थर, पाय घसरला तर खाली खोल पाणी. हे काम बायका आणि मोठी मुलं करत. विसाव्या शतकात इंजिनाच्या बोटी आल्या तेव्हा एका इंजिनबोटीच्या मागे दुसरी बोट जोडू लागले. पुढची नवरा चालवी, मागची बायको. म्हणजे हजार पोत्यांचा माल, त्यातला अर्धा तिच्या हाती. कपडे काठावर लाकडी टबात धुवायचे आणि मालावर अंथरून वाळवायचे. बाळंतपणही पुष्कळदा त्याच खोलीत.

आता गोठलेल्या पाण्याकडे येऊ. थोडा बर्फ असला तर बोट तो फोडत जाई, पण बर्फाचे पत्रे इतके धारदार असत की लाकडी बोटीच्या फळ्या कापल्या जात. जास्त गोठलं की बर्फफोडी बोट आणत. पत्रा ठोकलेली छोटी बोट, तिला अनेक घोडे जुंपलेले आणि बोटीत मधल्या दांड्याला धरून उभी माणसं. घोडे ओढत, माणसं बोट डावी-उजवी हेलकावत, आणि बर्फ कडाकडा फुटे. त्यानेही जमलं नाही की सगळं बंद. बोट जिथे असेल तिथेच अडके.

आणि बोट अडकली की मजुरीही अडके, कारण पैसे फेरीचे आणि टनाचे होते, दिवसाचे नव्हते. गावापासून दूर, दुकानापासून दूर, बर्फात आठवडेच्या आठवडे. नवऱ्याचं काम थांबलं होतं. बाईचं कुठलं थांबायला? चूल पेटती ठेवायची, पाणी आणायला बर्फाला भोक पाडायचं, उरलेलं पीठ-बटाटे पुरवायचे, मुलांना कोरडं ठेवायचं. खोलीत माणसांच्या श्वासाची आणि चुलीवरच्या वाफेची ओल छपराला चिकटून थेंब थेंब गळे, अंथरूण दमट होई. आपल्याकडे आषाढात चार दिवस संततधार लागली की घरात जे होतं, तेच तिथे बर्फात होई.

बाहेरच्या लोकांचं या संसारांकडे लक्ष गेलं ते १८७५ च्या सुमाराला. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने बोटीवरल्या माणसांवर पुस्तक लिहिलं आणि आवाज उठवला. त्यातून १८७७ साली कालव्यावरच्या बोटींचा कायदा झाला, १८८४ साली तो कडक केला गेला. बोटीची नोंद करायची, किती माणसांनी राहायचं ते ठरलेलं, तपासायला निरीक्षक. मुलांनी शाळेत जावं असंही आलं. हे चांगलंच झालं. पण स्मिथसाहेबांनी या लोकांचं जे चित्र रंगवलं होतं ते घाणेरड्या, दारुड्या माणसांचं होतं. लेसच्या बश्या मांडणाऱ्या, पितळ घासणाऱ्या बायकांना ते फार लागलं. आपल्या घरात कोणीतरी वही घेऊन येतो, कोपरे पाहतो आणि त्याच्या वहीत आपण करत असलेल्या कामाला मात्र रकाना नसतो, ही सल आपल्यातल्या कितीतरी जणींना ओळखीची असेल.

शाळेचा प्रश्न तर सुटलाच नाही. आज इथे, उद्या वीस किलोमीटर पुढे. मूल शाळेत बसणार कधी? १९२९ साली संसदेत असा प्रस्ताव आला की शाळेच्या वयाच्या मुलांना बोटीवर राहू देऊ नये. तो मंजूर झाला नाही. झाला असता तर आईपुढे दोनच वाटा होत्या. मुलांना काठावर ठेवून बोट चालवायची, नाहीतर बोट सोडून नवऱ्याची कमाई बुडवायची. पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरची बहुतेक माणसं निरक्षर राहिली.

त्यांची कदर करणारीही माणसं होती. स्टोक ब्रुअर्न नावाच्या गावी कालव्याकाठी मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका राहत. सगळे त्यांना सिस्टर मेरी म्हणत. बोट थांबली की बायका मुलांना घेऊन त्यांच्या दारात येत. खोकला, भाजलेलं, चिरडलेलं बोट, अवघडलेलं बाळंतपण, त्या बघत. अनेक वर्षं त्यांनी हे काम केलं आणि १९५१ साली त्यांना सरकारी पदक मिळालं.

मग दुसरं महायुद्ध आलं. पुरुष लढाईवर गेले, बोटींना माणसं कमी पडली. सरकारने शहरातल्या तरुण मुलींना बोलावलं. थोड्या आठवड्यांचं शिक्षण दिलं आणि तिघी-तिघींच्या हाती बोटींची जोडी दिली. लंडनहून पोलाद वगैरे घेऊन वर जायचं, येताना कोळसा आणायचा. त्यांना बिल्ला मिळाला, त्यावर 'आय डब्ल्यू' ही अक्षरं होती, म्हणजे देशांतर्गत जलमार्ग. त्या अक्षरांवरून त्यांचं गमतीचं नाव पडलं 'आयडल विमेन', म्हणजे आळशी बाया! हाताला घट्टे पडलेल्या, थंडीत भिजलेल्या या मुली आळशी कसल्या? त्यांनी कष्ट खरेच उपसले. त्यांच्यातल्या काहींनी पुढे पुस्तकं लिहिली. सुझन वुलफिट यांचं १९४७ साली आलं, एमा स्मिथ यांचं १९४८ साली. आज बोटीवरच्या बाईचं काम जगाला पुष्कळसं अशा पुस्तकांतून कळतं.

इथे आम्ही थांबलो आणि बराच वेळ बोलत बसलो. या शिकलेल्या मुलींना मजुरी मिळाली, बिल्ला मिळाला, त्यांचं नाव राहिलं. त्याच पाण्यावर, त्याच थंडीत, शेजारच्या बोटीत शंभर वर्षं तेच काम करत आलेल्या घराण्यातली बाई होती. शहरातल्या मुली अडल्या की तिच्याकडूनच शिकत. तिचं नाव मात्र कुठल्या पगारपत्रकावर नाही, आणि तिला लिहिता येत नव्हतं म्हणून पुस्तकावरही नाही.

युद्ध संपलं आणि १९४७ चा हिवाळा आला. जानेवारीपासून मार्चपर्यंत इंग्लंड गोठलं, बोटी आठवडेच्या आठवडे अडकल्या. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले. शेवटचा घाव १९६२-६३ च्या हिवाळ्याने घातला. डिसेंबरच्या अखेरीला गोठलेलं पाणी मार्चपर्यंत सुटलं नाही. तोवर रस्त्यावरून ट्रक धावत होते. एकदा ट्रककडे गेलेला माल बोटीकडे परत आला नाही. त्याच वर्षी सरकारी मंडळाने आपल्या बहुतेक मालबोटी बंद केल्या. लंडनजवळच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणारी फेरी १९७० साली थांबली, ती अशा शेवटच्या नियमित फेऱ्यांपैकी एक. बोटीवर जन्मलेल्या बायका काठावरच्या घरात राहायला गेल्या. ज्या घरात पाण्याचा नळ होता, पण घर हलत नव्हतं.

मग फोटोतला धूर कोणाचा? आजही त्या कालव्यांवर हजारो माणसं राहतात. काही हौसेने, काही शहरातलं घरभाडं परवडत नाही म्हणून. ज्यांना बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यांनी एका ठिकाणी साधारणपणे चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही असा नियम आहे. थंडीत पाइप गोठून फुटतात, ओल येते, लाकूड-कोळसा साठवावा लागतो. आणि एक धोका असा, जो आपल्यालाही आहे. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेली माणसं झोपेतच जातात. म्हणून त्या बोटींत हवेची झरोकी उघडी ठेवतात आणि वायू ओळखणारं यंत्र लावतात. मैत्रिणींनो, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या गच्च बंद करू नका. थंडीत निखारे खोलीत घेऊन झोपू नका. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवा, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर.

काकींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माणसं थंडीने मेली नाहीत, कारण कोणीतरी रात्री उठून चूल विझू देत नव्हतं. पण आम्हांला पुढचा प्रश्न पडला. ही गोष्ट फक्त इंग्लंडची आहे का?

आंबोली घाट चढून आजरा-चंदगडकडे जा. याच थंडीत तिथे उसाचे फड चालू आहेत. मराठवाड्यातून संसार बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये घालून ऊसतोड कामगार येतात आणि वसंत सरेपर्यंत पाचटाच्या खोपीत राहतात. पहाटेच्या दहिवरात बाई ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेते, परत येऊन चूल पेटवते. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, चार हात, आणि हिशेबात कोयता एक. मुकादमाकडून उचल घेतो बहुधा पुरुष. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, तसा कधीकाळी इंग्लंडमध्ये बोटीतच वर्ग भरवला गेला होता.

आणि आपल्या घरात? चाकरमानी मुंबईला, मनीऑर्डर त्याच्या नावाची. इथे भात लावलं कोणी, झोडलं कोणी, काजू वेचले कोणी? सातबारावर नाव कोणाचं? कोणाच्या मनात खोट होती असं आम्ही म्हणत नाही. बोटीवरच्या नवऱ्यानेही कष्टच केले. पण जे लिहिलं जात नाही ते भाव ठरवताना मोजलं जात नाही, आणि भांडण झालं, वाटणी झाली, माणूस गेला, की बाईच्या हातात दाखवायला काही राहत नाही.

म्हणून आमच्या गटाने एक साधं ठरवलं आहे. बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही महिनाभर आपापलं काम लिहितो आहोत. किती वाजता उठलो, शेतात किती तास, गुरांमागे किती, पाणी, लाकडं, आजाऱ्याची सेवा किती. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरी लिहिते. महिन्याअखेरीस बेरीज करू, आणि शेतात मजूर लावला असता तर किती रोज पडला असता ते शेजारी मांडू. मग ती वही घरच्या माणसांसमोर ठेवू. घराच्या नोंदीत, जमिनीच्या नोंदीत नाव लावण्याची गोष्ट तिथूनच काढायची आहे.

तुमच्या गटातही लिहून बघा. पुढच्या महिन्यात याच वेळी आम्ही आमच्या वहीतली बेरीज वाचून दाखवू. काकींनी पहिल्या दिवसाची नोंद सांगितली तेव्हा त्यांची त्यांनाच गंमत वाटली. सकाळी पाच ते रात्री साडेनऊ, आणि मधल्या ओळीत त्यांनी लिहायला लावलं, "बसलंय, पण शेंगा सोलीत."

येवा, थंडी सांभाळा. नमस्कार.